मोलेचा व्यवस्थापन आराखडा: हरकत लिहिण्याआधी गावाने क्रमाने करायची कामे

अभयारण्याच्या व्यवस्थापन आराखड्याचा मसुदा येतो, रविवारी ग्रामसभा बोलावली जाते, दोन तास तावातावाने बोलणे होते आणि शेवटी एका ओळीचा ठराव मंजूर होतो: 'या आराखड्याला ग्रामसभेचा विरोध आहे.' एक ओळ गेली, फाईलला लागली, विषय संपला. मग पुढची दहा वर्षे आराखड्यात वाड्याचे (वस्तीचे) नाव चुकीचे, झर (पाण्याचा झरा) भलत्याच ठिकाणी आणि गुरांची वाट अजिबात नाही, अशी स्थिती राहते. विरोध करायचा असेल तर जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. पण चुकीचा नकाशा विरोधाने दुरुस्त होत नाही. तो नकाशावरच दुरुस्त करावा लागतो.

हा लेख गोव्यातले मोले राष्ट्रीय उद्यान आणि त्याला जोडून असलेले भगवान महावीर अभयारण्य डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. कुळे, मोले, साकोर्डा या पंचायतींतले पंच, जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे सदस्य, वन हक्क समित्या आणि रानाशी रोजचा संबंध असलेली माणसे, यांच्यासाठी. नेत्रावळी, खोतीगाव किंवा म्हादई अभयारण्यांच्या कडेला राहणाऱ्यांनाही क्रम हाच लागू पडेल.

1. आधी ओळखा, हातातला कागद कसला आहे

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. चार वेगवेगळे कागद लोक एकच समजतात. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाचा असतो तो व्यवस्थापन आराखडा, साधारण दहा वर्षांचा. बाकीच्या जंगलासाठी असते ती कार्य आयोजना. उद्यानाबाहेरच्या पट्ट्यात, म्हणजे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात, कोणत्या बांधकामांना आणि उद्योगांना मुभा आहे हे ठरवतो तो विभागीय बृहत् आराखडा. आणि व्याघ्र प्रकल्प घोषित झाला तर त्याचा व्याघ्र संवर्धन आराखडा वेगळा.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 24 जुलै 2023 रोजी व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करण्याचे निर्देश दिले आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हापासून कोणत्याही आराखड्याची बैठक बोलावली की पहिला प्रश्न वाघाचाच येतो आणि तासभर त्यातच जातो. तो विषय महत्त्वाचा आहे, त्यासाठी स्वतंत्र बैठक घ्या. व्यवस्थापन आराखड्याच्या बैठकीत व्यवस्थापन आराखड्यावरच बोला.

दुसरी गोष्ट हद्दीची. मोलेचे संरक्षित क्षेत्र एकूण 240 चौरस किलोमीटर. त्यातले 107 राष्ट्रीय उद्यान आणि 133 अभयारण्य. आराखडा एकत्र असला तरी कायदा दोन्हीकडे सारखा नाही. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मनाई करतो. अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षक चराईचे नियमन करू शकतात. म्हणून 'उद्यानात चराईला परवानगी द्यावी' ही मागणी आराखड्यात बसणारच नाही. कायद्याने जे बंद केले ते आराखडा उघडू शकत नाही. गुरे कुठल्या बाजूला चरतात हे सर्व्हे नंबर लावून दाखवलेत, तर मात्र बोलण्यासारखे बरेच निघते.

तपासून पाहा: मसुद्याच्या पहिल्या पानावर योजनेचा कालावधी लिहिलेला आहे का? तो नसेल तर हाती आलेला कागद बहुधा नुसता गोषवारा आहे. पूर्ण मसुदा मागा.

2. जुना आराखडा मिळवा आणि मागून पुढे वाचा

नवा मसुदा जुन्यावरच बेतलेला असतो. कित्येकदा परिच्छेदच्या परिच्छेद तसेच उचललेले असतात. जुना हाती नसेल तर नव्यात काय बदलले आणि काय बदलायचे राहिले, हे कळणार कसे?

माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा: मुदत संपलेला आराखडा नकाशांसह, गेल्या तीन वर्षांच्या वार्षिक कार्य योजना, आणि आराखड्याच्या मध्यावधी आढाव्याचा अहवाल. 'नकाशांसह' हा शब्द विसरू नका, तो नसला तर नुसता मजकूर हातात पडतो.

वाचताना आधी शेवटची प्रकरणे उघडा, म्हणजे अंदाजपत्रक आणि परिशिष्टे. पैसा कुठे ठेवला होता ते तिथे दिसते. मग वार्षिक कार्य योजनांशी ताडून पाहा: लिहिलेले काय, झालेले काय. लाल पेनाने खुणा करत गेलात तर दोन संध्याकाळींचे काम आहे. त्यानंतरच पहिला भाग वाचा. या आराखड्यांचे दोन भाग असतात. पहिल्यात सद्यःस्थिती: भूगोल, वनस्पती, प्राणी, गावे, आजवरचे व्यवस्थापन. दुसऱ्यात पुढे काय करणार ते: उद्दिष्टे, विभागणी, अधिवासाची कामे, पर्यटन, ग्रामविकास, संशोधन, मनुष्यबळ, खर्च.

लोक थेट दुसऱ्या भागावर तुटून पडतात. ही मोठी चूक आहे. दुसऱ्या भागातले प्रत्येक काम पहिल्या भागातल्या एखाद्या नोंदीवर उभे असते. पहिल्या भागात तुमचा वाडा नसेल तर दुसऱ्या भागात वाड्यासाठी काही येणार कुठून?

तपासून पाहा: प्राण्यांच्या किंवा वनस्पतींच्या यादीत अनुसूची पाच किंवा सहाचा उल्लेख दिसतो का? 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात सहाऐवजी चारच अनुसूची उरल्या आणि ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. नव्या मसुद्यात जुनी वर्गवारी सापडली तर ते प्रकरण तपासल्याशिवाय उतरवले आहे, असे खुशाल समजा आणि बाकीचे आकडेही बारकाईने पाहा.

3. माणसे जमवा, पण सभा नको

पाच-सात जणांचा गट पुरे. त्यात काजूच्या बागायतीत काम करणारी एक बाई हवी, गुरे राखणारा हवा, दूधसागरला जीप घेऊन जाणारा हवा, कुळागर (सुपारी-नारळाची बाग) असलेला हवा, आणि मोबाईल व संगणक नीट वापरणारा एक मुलगा किंवा मुलगी हवी. धनगर-गवळ्यांची वस्ती जवळ असेल तर त्यांच्यातला एक जण पाहिजेच. रानाच्या आतल्या वाटा त्यांच्याइतक्या कोणालाच माहीत नसतात आणि बैठकीला नेमके तेच बोलावले जात नाहीत.

बीटच्या वनरक्षकाला पहिल्या दिवसापासून सांगा. लपवून काम केले की संशय वाढतो. शिवाय उद्यानाच्या आत परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

4. नकाशा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मसुद्यातला नकाशा मोठा छापून घ्या. टेबलभर पसरेल एवढा. झेरॉक्सच्या कागदावर अख्खे मोले बसवले तर वाडा म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होतो आणि म्हातारी माणसे त्याकडे पाहतही नाहीत. वर पारदर्शक ट्रेसिंग कागद लावा आणि त्यावर रंगीत पेनांनी खुणा करा: निळ्याने पाणी, तपकिरीने वाटा, हिरव्याने देवराया, लालने आग लागलेल्या जागा, काळ्याने घरे आणि शेते.

एका वाड्यावर असाच नकाशा अंगणात पसरला होता. पुरुष मंडळी रस्ता आणि सीमेवरून वाद घालत होती. पलीकडे काजूच्या बिया वाळत घालणारी एक आजी उठून आली, थोडा वेळ बघत राहिली आणि तिने बोट ठेवले. 'हांगा उदक ना. उदक ह्या दोंगराच्या फाटल्यान.' नकाशावर बारमाही दाखवलेला व्हाळ (ओढा) मार्चमध्येच आटतो आणि खरे पाणी मागच्या उतारावर, भेरली माडांच्या दाटीत आहे, असे तिचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी वनरक्षकाला घेऊन गेलो. एप्रिलचा महिना. व्हाळात पांढरे गोटे, आणि डोंगरामागे हाताच्या तळव्याएवढ्या खळग्यात पाणी, भोवती गव्यांच्या खुरांनी तुडवलेला चिखल. त्या एका बोटाने आराखड्यातल्या एका पाणवठ्याची जागा बदलली.

घरी बसून नकाशा दुरुस्त होत नाही. खुणा झाल्या की प्रत्येक जागी परवानगी घेऊन जा आणि मोबाईलवर स्थान घ्या. इथे चार चुका हमखास होतात:

- फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की त्यातली स्थानाची माहिती निघून जाते. मूळ फोटो जपा आणि स्थानाचे आकडे वहीत हाताने लिहून घ्या.
- दाट झाडीत आणि घळीत मोबाईल चटकन चुकीची जागा दाखवतो. दोन-तीन मिनिटे थांबा, अचूकता दहा मीटरच्या आत आली की मगच नोंदवा.
- अक्षांश-रेखांश उलटे लिहिले जातात. मोलेच्या परिसरात 15 ने सुरू होणारा आकडा आधी, 74 ने सुरू होणारा नंतर. उलटे दिलेत तर तुमची झर भलत्याच समुद्रात जाऊन पडते.
- स्थानिक नाव लिहायचे राहते. 'पाणवठा क्रमांक 7' पाच वर्षांनी कोणालाच ओळखता येत नाही. वाड्यावर जे नाव आहे तेच देवनागरीत लिहा.

सावधान: वाघाचा माग, बिबट्याची गुहा, दुर्मीळ आमरी, घारी-गरुडांची घरटी, यांची स्थाने ग्रामसभेच्या कागदांत किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ती बंद पाकिटात थेट अधिकाऱ्याच्या हाती द्या. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतल्या गोळावली परिसरात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. ते लक्षात असलेल्या कोणालाही याचे कारण समजावून सांगावे लागू नये.

5. जमीन आणि वन हक्क वेगळ्या तक्त्यात मांडा

हा विषय आला की बाकी सगळे बाजूला पडते, आणि ते स्वाभाविक आहे. घर आणि शेत यांच्याहून मोठे काय? म्हणूनच त्याची गल्लत करू नका. व्यवस्थापन आराखडा मालकी ठरवत नाही. पण वस्ती, शेती, बागायत आणि प्रलंबित दावे यांची नोंद पहिल्या भागात यायलाच हवी.

एक साधा तक्ता करा: वाडा, सर्व्हे नंबर, कुटुंबप्रमुख, एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीवर) काय आहे, 2006 च्या वन हक्क कायद्याखाली दावा केला आहे का, तो कुठे अडला आहे. वन हक्क कायदा राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यातल्या वनजमिनीलाही लागू आहे, आणि दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवर राहणाऱ्या कोणत्याही वननिवासीला तिथून हटवता येत नाही. हे वाक्य कलम 4(5) चा उल्लेख करून निवेदनात घाला.

गावासाठी आणखी एक भक्कम आधार आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या कलम 33 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, जिथे वन हक्क कायदा लागू आहे अशा अभयारण्याचा आराखडा संबंधित ग्रामसभेशी विचारविनिमय करून तयार झाला पाहिजे. म्हणजे सल्लामसलत ही कोणाची मेहरबानी नाही. शब्द अभयारण्याबद्दलचे आहेत, हे ध्यानात ठेवून पत्र लिहा. उगाच जास्तीचा दावा केला तर खरा मुद्दाही कमकुवत होतो.

6. सूचना अशी लिहा की तिचे काम होईल

एका अभयारण्याच्या कडेच्या गावासाठी मी पूर्वी एक सूचना लिहून दिली होती: 'उन्हाळ्यात वन्यप्राण्यांसाठी पाण्याची सोय करावी.' ती मान्य झाली. सिमेंटची टाकी बांधली गेली, टँकर नेणे सोपे म्हणून डांबरी रस्त्याला लागून. तिथे गवा येत नाही, येतात ती भटकी कुत्री. दोष बांधणाऱ्यांचा होता, तसाच माझ्या वाक्याचाही होता. मी जागा लिहिली नव्हती, महिना लिहिला नव्हता, सिमेंट नको हेही लिहिले नव्हते.

तेव्हापासून मी प्रत्येक सूचनेत पाच गोष्टी बघतो: कुठे, कधी, कोण करणार, अंदाजे किती खर्च, आणि झाले की नाही हे कशावरून कळणार. आगीचे उदाहरण घ्या. 'वणव्यांवर कडक उपाय करावेत' या वाक्याचा काही उपयोग नाही. त्याऐवजी असे लिहा:

'अमुक वाड्याच्या पूर्वेची काजू बागायत आणि राखीव रान यांच्या हद्दीवर, जोडलेल्या नकाशातील अ ते ब या रेषेत, दरवर्षी 31 जानेवारीपर्यंत पाचोळा हटवून जाळरेषा करावी. फेब्रुवारी ते मे वाड्यावरचे चार हंगामी पहारेकरी नेमावेत. बागायतदारांनी झाडाखालचा पाला जाळण्याआधी बीटच्या वनरक्षकाला कळवावे आणि तो दुपारी जाळू नये. दरवर्षी जूनमध्ये जळालेल्या क्षेत्राची नोंद पंचायतीला द्यावी.'

आगीवर जास्त लिहितो आहे, कारण मार्च 2023 मध्ये गोव्यातली राने कशी पेटली होती आणि विझवायला नौदल व वायुदलाची हेलिकॉप्टरे कशी आणावी लागली होती, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. आपल्याकडची आग झाडांच्या शेंड्यांवरून जात नाही, ती जमिनीवरच्या पाचोळ्यातून सरकते. लांबून नुसता धूर दिसतो. जवळ गेल्यावर वीतभर उंचीची ज्योत कुरकुरत पुढे जाताना दिसते आणि तिच्या मागे शेवरी, किंदळ, माट्टी यांची सगळी रोपे काळी पडलेली असतात. ही आग चार माणसे आणि एक पाला उडवणारे यंत्र वेळेवर पोचले तर थांबते. म्हणून आराखड्यात हेलिकॉप्टर मागू नका. जानेवारीतली जाळरेषा आणि फेब्रुवारीपासूनचे पहारेकरी मागा.

दूधसागरच्या पर्यटनाबद्दलही नेमके लिहा. कुळ्याहून जाणाऱ्या जीपवर कितीतरी घरे चालतात. 'पर्यटन बंद करा' म्हणणारा आणि 'निर्बंध उठवा' म्हणणारा, दोघेही त्या घरांना उत्तर देत नाहीत. दिवसाला किती गाड्या, नदी ओलांडण्याच्या जागा किती आणि कुठे, प्लास्टिक परत आणण्याची जबाबदारी कोणाची, शुल्कातला किती वाटा रस्ता आणि सफाईवर खर्च होणार, हे मागा. हंगाम साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, तेव्हा आपली मोजणी त्याआधीच ठरवून ठेवा. एक महिना रोज गाड्या मोजून लिहिलेली वही बैठकीत दहा भाषणांना भारी पडते.

रानमोडी आणि घाणेरी या रानात माजणाऱ्या तणांच्या निर्मूलनाची मागणी सगळेच करतात. त्यात एवढेच वाढवा: कोणत्या तुकड्यात, फुले येण्याआधी कधी, आणि पुढची तीन वर्षे त्याच जागी पुन्हा उपटण्याची तरतूद. एकदाच उपटलेली रानमोडी पुढच्या पावसात परत उभी राहते.

गवे, रानडुकरे आणि खेती (माकडे) यांच्यामुळे होणाऱ्या नुकसानीची नोंद आजपासूनच ठेवा: तारीख, पीक, सर्व्हे नंबर, फोटो, भरपाईचा अर्ज क्रमांक. आराखडा लिहायला बसणाऱ्याला तक्रारीपेक्षा असा तक्ता जास्त उपयोगी पडतो.

तपासून पाहा: तुमची प्रत्येक सूचना मसुद्याच्या कोणत्या प्रकरणाला, कोणत्या पानाला आहे, हे समोर लिहिले आहे का? नसेल तर ती 'सर्वसाधारण' गठ्ठ्यात जाते.

7. आता ग्रामसभा

इथपर्यंतचे काम झाल्यावरच ग्रामसभा. आधी प्रत्येक वाड्यावर एक संध्याकाळ बसा आणि तक्ते वाचून दाखवा. बोलणे कोंकणीत होऊ द्या, ठराव मराठीत लिहा, आणि सोबत इंग्रजी गोषवारा जोडा, कारण मसुदा इंग्रजीत असतो आणि शेवटचा हात फिरवणारा माणूसही इंग्रजीतच लिहितो.

ठरावात सगळे भरू नका. ठराव छोटा ठेवा: कोणत्या मसुद्यावर, कोणत्या तारखेला चर्चा झाली, आणि सोबतची परिशिष्टे अ, ब, क ही ग्रामसभेची भूमिका आहे. नकाशा, जमिनीचा तक्ता आणि सूचनांचा तक्ता ही ती परिशिष्टे. प्रत्येक पानावर सरपंच आणि सचिवांची सही व शिक्का घ्या.

सावधान: वन हक्क समितीचे विषय त्याच बैठकीत घेणार असाल तर गणपूर्ती वेगळी आहे. वन हक्क नियमांप्रमाणे निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. ती नसेल तर तो भाग पुढच्या बैठकीसाठी ठेवा. अपुऱ्या उपस्थितीत केलेला ठराव पुढे तुमच्याच विरुद्ध वापरला जाऊ शकतो.

8. कागद द्या, पोच घ्या, आणि जानेवारी चुकवू नका

तीन प्रती: एक वन्यजीव विभागाच्या उपवनसंरक्षकांना, एक मुख्य वन्यजीव रक्षकांना, एक पंचायतीच्या फाईलला. पोच तारखेसह घ्या. नकाशाची संगणकीय फाईल वेगळी द्या. छापील नकाशावरून पुन्हा खुणा करायला कोणाला वेळ नसतो. महिन्याभराने एकच प्रश्न विचारणारे पत्र पाठवा: 'आमच्या कोणत्या सूचना स्वीकारल्या, कोणत्या नाकारल्या, आणि का?'

आराखडा मंजूर झाला की लोक घरी जातात. खरी कामे तर त्यानंतर वार्षिक कार्य योजनेतून निघतात. आराखड्यात आहे पण वर्षाच्या योजनेत नाही, असे काम होत नाही. म्हणून दरवर्षी नवी योजना ठरण्याआधी, हिवाळ्यातच, आपल्या परिशिष्टातली दोन कामे निवडून आरएफओंना (वनक्षेत्रपालांना) पत्राने कळवा. दहा कामे मागितली तर एकही होत नाही, दोन मागितली तर एक तरी होते. मध्यावधी आढाव्याचे वर्ष आत्ताच पंचायतीच्या वहीत लिहून ठेवा, कारण तोवर पंचही बदललेले असतील.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ट्रेसिंगचा तोच कागद घेऊन वनरक्षकाबरोबर अ ते ब ही रेषा पायी चाला. पाचोळा हटला असेल तर फोटो काढून तारीख टाका. हटला नसेल तर त्याच दिवशी, तिथूनच, आरएफओंना फोन करा. फेब्रुवारी सुरू व्हायला अजून चार-पाच दिवस हाताशी असतात.